एका स्टेडियमवर किती खेळ नांदू शकतात?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर वाचणाऱ्या कोणालाही संदर्भ लागेल. शहरासाठी नवे स्टेडियम बांधण्याचा विचार चालू आहे. क्रिकेट, फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, हॉकी आणि शिवाय मोठे जाहीर कार्यक्रम असे सगळे एकाच ठिकाणी व्हावे, असा एका बाजूचा आग्रह आहे. असे स्टेडियम शेवटी कोणत्याच खेळाच्या धड उपयोगाचे राहत नाही, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. यांपैकी कोणाचे बरोबर, आजवर जगात हा प्रयोग कसा झाला आणि आता निर्णय घ्यायचा तर काय तपासावे, असे आपण विचारले आहे.

मी सुमारे तीस वर्षे या कामात आहे. पहिली काही वर्षे खेळपट्ट्या आणि हिरवळ सांभाळण्यात गेली, नंतरची स्टेडियमची वेळापत्रके, दुरुस्त्या आणि भांडणे सांभाळण्यात. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, हा वाद जागेचा आहे असे सगळे समजतात, पण निव्वळ जागा कमी पडली म्हणून फसलेली स्टेडियमे मी फार पाहिलेली नाहीत. ती फसतात तळामुळे आणि तारखांमुळे. तळ म्हणजे खेळाडूचा पाय आणि चेंडू ज्यावर पडतो तो पृष्ठभाग व त्याखालचे थर. तारखा म्हणजे एका खेळाने दुसऱ्यासाठी मैदान कधी आणि कोणत्या अवस्थेत मोकळे करायचे याचा हिशेब. बाकी पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे. पाऊस किती पडतो, शहरात कोणता खेळ खरोखर खेळला जातो, शेजारी सरावाचे दुसरे मैदान आहे का, यानुसार उत्तर बदलते. मात्र काही गोष्टी मोजपट्टीच्या आहेत आणि त्या कोणत्याही शहरात सारख्याच राहतात.

इतिहासाकडे पाहिले तर दोन्ही पक्षांना पुरावे सापडतात. ग्रीसमधील ऑलिंपिया येथे धावण्याच्या शर्यतींसाठी सुमारे 192 मीटर लांबीचे स्टेडियम होते आणि घोड्यांच्या व रथांच्या शर्यतींसाठी वेगळे मैदान होते. म्हणजे ज्याला जसा तळ लागतो त्याला तशी स्वतंत्र जागा, हा विचार तेव्हाही होता. ‘स्टेडियम’ हा शब्दच मुळात अंतराच्या मापावरून आलेला आहे, वास्तूवरून नव्हे. अथेन्समधील संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियमवर 1896 मध्ये आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा ही प्राचीन, लांबट, नालाच्या आकाराची वास्तू आधुनिक शर्यतींना अडचणीची ठरली. तिची वळणे इतकी आवळ होती की धावपटूंना तेथे वेग कमी करावा लागे. जुन्या आराखड्यात नवा खेळ बसवताना काय होते, याचे हे कदाचित पहिले ठळक उदाहरण असावे.

सगळे काही एकाच ठिकाणी, या कल्पनेचा कळस 1908 मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये झाला. तेथे धावण्याचा ट्रॅक होता, एका मैलात त्याच्या बरोबर तीन फेऱ्या होत. त्याच्या बाहेरून 660 यार्डांचा सायकल शर्यतींचा ट्रॅक होता, आणि आतल्या मैदानात चक्क 100 मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव खोदला होता. कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सही त्याच कुंपणात झाले. एका तिकिटात प्रेक्षकाला सगळे दिसत असे, पण तलावाच्या पलीकडचा खेळ पाहण्यासाठी चांगली नजर लागत असणार. पुढे ही एकत्र कुटुंबपद्धती हळूहळू मोडली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोहण्यासाठी स्वतंत्र तलाव-संकुल होते. 1928 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला धावण्याचा ट्रॅक 400 मीटरचा झाला आणि पुढे तेच माप रूढ झाले. सायकलचा ट्रॅक मात्र तेथेही बाहेरून होताच.

व्हाइट सिटीची पुढची कथा मला जास्त बोधप्रद वाटते. ऑलिंपिक संपल्यावर इतक्या मोठ्या वास्तूचे करायचे काय, हा प्रश्न अनेक वर्षे लोंबकळत राहिला आणि 1927 पासून तेथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्याच वर्षी लंडनच्याच वेम्ब्ली स्टेडियमवरही त्या सुरू झाल्या. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकातील उरुग्वे विरुद्ध फ्रान्स हा सामना वेम्ब्लीवर न होता व्हाइट सिटीवर झाला, कारण वेम्ब्लीचे मालक शुक्रवारच्या ठरलेल्या कुत्र्यांच्या शर्यती रद्द करायला तयार नव्हते. नवख्या लोकांना हे ऐकून हसू येते. स्टेडियमचा हिशेब ज्याने ठेवला आहे त्याला येत नाही. विश्वचषक आयुष्यात एकदा येणार होता, कुत्र्यांच्या शर्यती आठवड्याच्या आठवड्याला होत्या आणि स्टेडियमचा खर्च त्यांच्यावर निघत होता. बहुउद्देशीय स्टेडियमचा खरा मालक बहुधा तोच उपयोग असतो, जो नियमित पैसे आणतो. उद्घाटनाच्या फलकावर कोणत्या खेळाचे चित्र आहे, याला महत्त्व नसते.

त्या काळापर्यंत हे सारे चालून जात होते, कारण तळ सगळ्यांचा जवळपास सारखा होता. गवत होते, माती होती आणि ट्रॅकसाठी कोळशाची राख दाबून बसवलेली असे. ट्रॅकवरून गाडी गेली तर दुसऱ्या दिवशी रोलर फिरवून तो नीट करता येई. त्यानंतर साधारण दहा वर्षांत चित्र बदलले. अमेरिकेतील ह्यूस्टनचे छत असलेले अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियम 1965 मध्ये सुरू झाले. छताच्या पारदर्शक फलकांतून येणाऱ्या उजेडामुळे बेसबॉलच्या क्षेत्ररक्षकांना उंच चेंडू दिसेना, म्हणून फलक रंगवले, आणि ऊन बंद झाल्यामुळे आतले गवत मेले. त्यातून 1966 मध्ये तेथे कृत्रिम गवत आले. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये धावपटू प्रथमच सिंथेटिक ट्रॅकवर धावले. 1976 मध्ये माँट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. प्रत्येक खेळाने आपला तळ सुधारून घेतला, आणि सुधारलेला तळ दुसऱ्याला सोसेनासा झाला. म्हणून हॉकीचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. वरच्या दर्जाची हॉकी हवी असेल तर तिला स्वतंत्र टर्फ द्यावे. तिला गवताच्या सामायिक मैदानात बसवण्याचा विचार सोडून द्यावा.

आता मोजपट्टीकडे वळू. आंतरराष्ट्रीय मानकाच्या 400 मीटर ट्रॅकची आतली कड 36.50 मीटर त्रिज्येच्या वळणांची असते आणि सरळ बाजू 84.39 मीटरच्या असतात. प्रत्येकी 1.22 मीटर रुंदीच्या आठ मार्गिका धरल्या तर संपूर्ण ट्रॅक बाहेरून साधारण 177 मीटर लांब आणि 92.5 मीटर रुंद होतो. त्याच्या आत 105 बाय 68 मीटरचे फुटबॉल मैदान बसते, पण कसे बसते हे कागदावर काढून पाहावे. चारही कोपऱ्यांत मैदानाचे टोक आणि ट्रॅकची आतली कड यांच्यात पुरते 1 मीटरही उरत नाही. म्हणजे कॉर्नर किक घेणारा खेळाडू धाव घेताना ट्रॅकवर उभा असतो. सामन्याच्या वेळी त्या भागावर कृत्रिम गवताचा तुकडा अंथरावा लागतो, आणि तो न अंथरल्यामुळे बुटांच्या खिळ्यांनी सोललेला ट्रॅक मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिला आहे.

गोलमागच्या प्रेक्षकाचे काय होते तेही पाहा. गोलरेषेपासून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेपर्यंतच जवळपास 36 मीटर होतात, आणि आसनांची पहिली रांग त्याच्याही मागे असते. फुटबॉलसाठी प्रेक्षक मैदानाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापासून शक्यतो 150 मीटरच्या आत असावा आणि 190 मीटरच्या पलीकडे तर मुळीच नसावा, असा आराखडा करणाऱ्यांमध्ये रूढ संकेत आहे. कारण त्यापुढे एवढासा चेंडू डोळ्याला नीट दिसत नाही. ट्रॅक असला की गोलमागच्या स्टँडचा बराचसा भाग पहिली मर्यादा ओलांडतो आणि वरच्या रांगा दुसऱ्या मर्यादेला टेकतात. इटलीतील तुरिन शहरात 1990 च्या विश्वचषकासाठी ट्रॅकसह बांधलेले स्टेडियम प्रेक्षकांना कधीच आवडले नाही; ते पाडून 2011 मध्ये युव्हेंटस क्लबने त्याच जागी ट्रॅक नसलेले, सुमारे 41,000 आसनांचे म्हणजे आधीपेक्षा बरेच लहान स्टेडियम उभे केले. म्युनिकमध्ये 1972 च्या ऑलिंपिक स्टेडियमवर अनेक दशके खेळलेला बायर्न क्लब 2005 मध्ये फक्त फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये गेला. हा क्रम इतका नेहमीचा आहे की, ट्रॅकसह फुटबॉल मैदान बांधताना तेथे मोठा क्लब कायम राहील असे मी कोणालाही सांगत नाही. मोठा क्लब नसेल, रोज सकाळ-संध्याकाळ मुले धावणार असतील आणि आठवड्यातून एक-दोन स्थानिक सामने होणार असतील, तर मात्र ट्रॅक आणि फुटबॉल ही जोडी उत्तम चालते. तेथे दूर बसण्याचे दुःख नसते, कारण बहुतेक आसने रिकामीच असतात.

क्रिकेटचे गणित निराळे आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी खेळपट्टीच्या आडव्या दिशेने सीमारेषेपासून सीमारेषेपर्यंत किमान 137 मीटर रुंदी लागते. ट्रॅकची बाहेरची रुंदी 92.5 मीटर आहे. म्हणजे ट्रॅक सीमेबाहेर राहूच शकत नाही. तो दोन्ही बाजूंना क्षेत्ररक्षकांच्या पायाखालून जातो. कडक रबरी पट्ट्यावर झेप घेऊन चेंडू अडवायला कोणता खेळाडू तयार होईल? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमचे उदाहरण मला येथे नेहमी द्यावे लागते. 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या या स्टेडियममध्ये 1984 साली भारतातला प्रकाशझोतातील पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला, 1991 मध्ये आणखी एक झाला, आणि तरीही ते क्रिकेटचे घर झाले नाही. एखाद-दुसरा सामना ही पाहुणचाराची गोष्ट असते, वास्तव्याची नव्हे.

आणि समजा, सगळ्यांना सामावून घेण्याचा हट्टच धरला, ट्रॅकसाठी 177 मीटर लांबी आणि क्रिकेटसाठी 137 मीटर रुंदी राखली, तर फुटबॉलचा प्रेक्षक चारही बाजूंनी मैदानापासून साधारण 35 मीटर दूर ढकलला जातो. बैठकीत हा एक आकडा फळ्यावर लिहिला की बरीचशी चर्चा आपोआप आटोपते.

क्रिकेट आणि फुटबॉल या जोडीत तर अडचण डोळ्यांना दिसतही नाही; ती जमिनीखाली असते. फुटबॉलच्या चांगल्या मैदानात गवताची मुळे वाळूत वाढवतात, खाली खडीचा थर आणि निचऱ्याच्या नळ्या असतात. पाऊस थांबला की पाणी झरझर खाली जावे, असा त्यामागचा हेतू असतो. क्रिकेटची खेळपट्टी याच्या नेमकी उलट. तिला चिकण माती लागते, ती ओली करून, वाळवून, रोलरने दाबून दगडासारखी करायची असते, आणि तिच्यातून पाणी सहज जाऊ नये अशीच तिची घडण असते. एका सामन्यासाठी एक खेळपट्टी असली तरी शेजारी-शेजारी अनेक खेळपट्ट्यांचा चौक तयार ठेवावा लागतो, आणि हा चौक बरोबर फुटबॉलच्या मध्यवर्तुळात येतो. पावसात फुटबॉल खेळला की त्या चिकण मातीची घसरगुंडी होते, खिळ्यांनी खड्डे पडतात आणि क्रिकेटच्या हंगामाला दोन महिने राहिले असताना क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी सांभाळणारा माणूस, डोक्याला हात लावून बसतो. तो क्युरेटर मी होतो म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. एका वर्षी हंगामाच्या शेवटी फुटबॉलचे दोन जादा सामने घुसवले गेले, ऐन पावसात. पुढच्या वर्षीचा पहिला क्रिकेट सामना त्या चौकावर झालाच नाही.

कोचीच्या स्टेडियमवर 1998 पासून आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने होत होते आणि फुटबॉललाही तेथे प्रचंड गर्दी असे. 2017 च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी तेथील मैदान नव्याने तयार केले गेले. पुढच्या वर्षी भारत-वेस्ट इंडीज सामन्यासाठी त्यात क्रिकेटची खेळपट्टी पुन्हा घालण्याचा विचार पुढे आला, तेव्हा फुटबॉलच्या लोकांनी जोरदार हरकत घेतली. अखेर 1 नोव्हेंबर 2018 चा तो सामना तिरुवनंतपुरमला खेळवला गेला. हा वाद दोन खेळांच्या अहंकाराचा आहे, असे तेव्हा पुष्कळांना वाटले होते. माझ्या मते तो वाळू आणि चिकणमाती यांच्यातला होता आणि त्यात दोघांचेही बरोबर होते.

याच्या उलट जोडी जमल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे आहे. तेथे उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतात. या दोन्ही खेळांना मोठे, लंबवर्तुळाकार मैदान लागते आणि त्यांचे हंगाम फारसे एकमेकांवर येत नाहीत. 1858 मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग मोकळे राहावे म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा असे सुचवले होते. म्हणजे हा दुसरा खेळ जणू पहिल्याच्या सुट्टीतच जन्मला. तरीही खेळपट्टीचा प्रश्न राहिलाच होता. त्याचे उत्तर बाहेर वाढवून आणून बसवायच्या खेळपट्टीत सापडले. 1977 मध्ये वर्ल्ड सिरीज क्रिकेट या खासगी, बंडखोर स्पर्धेला नेहमीची मैदाने मिळेनात, तेव्हा जॉन मेली या क्युरेटरने फुटबॉलच्या मैदानासाठी अशा खेळपट्ट्या साच्यांमध्ये तयार केल्या. मेलबर्नला ही पद्धत 1990 च्या दशकापासून कायमची झाली. पण ती जादू नव्हे. 2017 च्या डिसेंबरमधील अ‍ॅशेस कसोटीनंतर आयसीसीने मेलबर्नच्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला होता, कारण पाच दिवसांत तिने ना गोलंदाजाला साथ दिली ना सामन्याला निकाल. साच्यात वाढलेली माती खालच्या जमिनीशी एकजीव व्हायला वेळ घेते. शिवाय ती उचलायला खास यंत्र लागते, ठेवायला वेगळी जागा लागते आणि सांभाळायला वर्षभर माणसे लागतात. ज्या शहराला साधा रोलर वेळेवर दुरुस्त करून मिळत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

आतापर्यंतचे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : आकार जुळणारे आणि हंगाम वेगळे असणारे दोन खेळ एकत्र नांदतात; तिसरा आला की तळ बिघडू लागतो; आणि ट्रॅक व क्रिकेट यांची गाठ घालायचीच नाही.

यावर नेहमी असा प्रतिप्रश्न येतो की, सरकती आसने किंवा तात्पुरता ट्रॅक करता येत नाही का? येतो, पण त्याची किंमत बांधकामाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही; ती दर वर्षी मोजावी लागते. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये खालच्या भागातील सुमारे 25,000 आसने 15 मीटर मागे सरकतात आणि खाली दडलेला ट्रॅक मोकळा होतो. हे 1998 पासून चालते, कारण ते पहिल्या दिवसापासून आराखड्यात होते. लंडनचे 2012 चे ऑलिंपिक स्टेडियम नंतर फुटबॉल क्लबला देताना सरकत्या आसनांची सोय मागाहून केली गेली, आणि दर उन्हाळ्यात ती आसने हलवण्याचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी वाढला. ग्लासगोने 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी हॅम्पडेन पार्क या फुटबॉल मैदानावर हजारो लोखंडी खांबांवर सुमारे 2 मीटर उंच फळी उभारून तिच्यावर ट्रॅक अंथरला आणि स्पर्धेनंतर तो काढून टाकला. यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटते ते मँचेस्टरचे उदाहरण. 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेले स्टेडियम नंतर फुटबॉललाच द्यायचे, हे त्यांनी आधी ठरवले होते. स्पर्धा संपताच ट्रॅक उचलला, जमीन खोल खणून खाली आणखी एक स्तर आसने बसवली आणि 2003 मध्ये क्लब राहायलाही आला. स्टेडियम एका वेळी एकाच खेळाचे होते. फक्त खेळ बदलला.

अमेरिकेने मात्र 1960 आणि 1970 च्या दशकांत दोन खेळांचा संसार एकाच गोल वास्तूत थाटण्याचा मोठा प्रयोग केला. पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया अशा शहरांत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल यांच्यासाठी सामायिक स्टेडियमे झाली. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे पसरते, फुटबॉलचे काटकोनात असते. दोघांसाठी म्हणून केलेल्या गोल आराखड्यात दोघांच्याही प्रेक्षकांची तोंडे भलतीकडे वळली. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये 1958 ते 1961 या काळात पूर्वी ऑलिंपिक झालेल्या कोलिझियम स्टेडियममध्ये बेसबॉल खेळवले गेले, तेव्हा डाव्या बाजूची सीमा अवघी 76 मीटरवर आली आणि चेंडू अडवायला 42 फूट उंच जाळी उभारावी लागली. प्रेक्षक मात्र तेथेही आले. 1959 मध्ये एका अंतिम-मालिकेच्या सामन्याला 92,706 लोक होते. त्यामुळे गर्दी झाली म्हणजे स्टेडियम योग्य होते, असा अर्थ काढू नये. 1992 मध्ये बाल्टिमोरला केवळ बेसबॉलसाठी देखणे मैदान बांधले गेले, वारे फिरले, आणि 2001 ते 2004 दरम्यान वर सांगितलेल्या तिन्ही शहरांची सामायिक स्टेडियमे सुरुंग लावून पाडण्यात आली. त्यांचे आयुष्य तीस-बत्तीस वर्षांचे ठरले. सिमेंट अजून मजबूत होते.

अ‍ॅथलेटिक्सचा आणखी एक मुद्दा लोक विसरतात, तो फेकीच्या प्रकारांचा. भाला, थाळी आणि हातोडा आतल्या गवतावर पडतात, 7.26 किलोचा हातोडा जेथे पडतो तेथे खळगा होतो आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी गोलरक्षक उभा असतो. म्हणून फेकीसाठी बाहेर वेगळी पट्टी ठेवावी. एक गंमत सांगतो. 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन या भालाफेकपटूने भाला 104.80 मीटर फेकला. आतल्या मैदानाची एकूण लांबी साधारण 157 मीटर आणि पलीकडच्या वळणावर दुसरे खेळाडू, हे लक्षात घेतले तर अधिकाऱ्यांची झोप का उडाली ते समजेल. 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला, त्यामुळे तो लवकर खाली येऊ लागला. स्टेडियम वाढवता येईना, म्हणून भालाच आखूड उडणारा केला.

जाहीर कार्यक्रमांविषयी आपण स्वतंत्रपणे विचारले आहे, आणि उत्पन्नाच्या दृष्टीने तो रास्त प्रश्न आहे. माझा त्यांना विरोध नाही. विरोध आहे तो बेहिशेबी कार्यक्रमांना. गवतावर आच्छादन घातले की उजेड आणि हवा तुटते. दोन दिवस ते सोसते, चौथ्या दिवशी पिवळे पडते, आणि त्यावर खुर्च्यांचे पाय रुतले असतील तर मुळेही दबतात. सिंथेटिक ट्रॅकची जाडी जेमतेम 13 मिलिमीटर असते. मंचाचे सामान घेऊन आलेला मालट्रक त्यावर वळला की वरचा थर फाटतो, आणि फाटलेल्या भागावर डाग दिसू नये म्हणून लावलेले ठिगळ शर्यतीच्या वेळी धावपटूच्या पायाला बरोबर जाणवते. एका ठिकाणी आम्ही गाड्यांसाठी जाड फळ्यांचा रस्ता आखून दिला होता. रात्री घाईत कोणीतरी त्या फळ्या मंचासाठीच वापरल्या. तेव्हापासून ट्रॅक ओलांडण्यासाठी एकच, खालून काँक्रीट केलेली आणि वरचा पट्टा काढता येणारी वाट असावी, असा मी आराखड्यातच आग्रह धरतो.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. रोममधल्या कोलोसियमला 80 कमानी होत्या आणि त्यांपैकी लोकांसाठीच्या 76 कमानींवर क्रमांक कोरलेले होते; गर्दी बाहेर कशी काढायची याची समज तेवढी जुनी आहे. आजच्या स्टेडियमचे जिने आणि दरवाजे आसनांच्या संख्येवरून मोजलेले असतात. कार्यक्रमात मात्र हजारो लोक थेट मैदानावर उभे राहतात, आणि त्यांच्यासाठी बाहेर पडायला बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिकेचा एकच बोगदा असतो. मैदानावर किती लोक उतरवायचे, हा आकडा त्या बोगद्याच्या रुंदीवरून ठरला पाहिजे. तो तिकीटविक्रीवरून ठरताना मी पाहिला आहे.

शहराच्या संकटकाळातही स्टेडियम उपयोगी पडते. 2005 मध्ये कॅटरिना वादळाच्या वेळी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये हजारो लोकांनी आसरा घेतला, आणि 2020 च्या साथीत साओ पाउलोच्या पाकाएम्बू स्टेडियमच्या हिरवळीवर तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. सुपरडोममध्ये वीज, पाणी आणि स्वच्छतागृहे कोलमडल्यावर लोकांचे जे हाल झाले, ते पाहता पर्यायी वीज आणि पाण्याचा साठा हा शेवटच्या क्षणी कापायचा खर्च नव्हे. हीच बंदिस्त वास्तू वाईट हेतूलाही वापरता येते. 1973 मध्ये चिलीतील सत्तापालटानंतर सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये, जेथे 1962 चा विश्वचषक अंतिम सामना झाला होता, हजारो लोकांना डांबून ठेवले होते. तेथील जुन्या लाकडी बाकांचा एक भाग आजही स्मृती म्हणून रिकामा राखला आहे.

मग आपल्या शहराने काय करावे? माझा सल्ला असा राहील की, मुख्य मैदानाचा तळ फार तर दोन खेळांना द्यावा आणि बहुउद्देशीयता इतरत्र शोधावी. स्टँडखालची जागा ही बहुतेक स्टेडियमांतली सर्वांत वाया जाणारी जागा असते; मोडके फर्निचर आणि जुने फलक यांचे ते गोदाम होते. तेथे पुरेशी उंची आणि हवा ठेवली तर टेबल टेनिस, कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युडो, वेटलिफ्टिंग हे सगळे वर्षभर, पावसातही चालते आणि गवताचे एक पातेही दुखावत नाही. बॅडमिंटनला जास्त उंची लागते, म्हणून ते सहसा तेथे बसत नाही. आराखडाकार बसते म्हणाला तर तुळईची खालची उंची स्वतः मोजून घ्यावी. मुख्य मैदानाशेजारी साधे, प्रेक्षकांविना सरावमैदान असलेच पाहिजे. मुख्य मैदान खराब होते ते सामन्यांपेक्षा रोजच्या सरावामुळे. नैसर्गिक गवत आठवड्याला साधारण सहा तासांचा खेळ सुखाने सोसते, असा माझा अनुभव आहे. हवामान आणि गवताच्या जातीनुसार ते थोडे मागेपुढे होईल, पण वीस तास मात्र कोठेही होत नाहीत.

कोणते दोन खेळ निवडायचे, हे मी येथून सांगू शकत नाही. शहरात शाळांच्या स्पर्धा आणि धावणारी मुले जास्त असतील तर ट्रॅक आणि फुटबॉल घ्यावे. क्रिकेटलाच प्रेक्षक येणार असतील तर मैदान क्रिकेटचे करावे, फुटबॉलला पावसाळा सोडून ठरावीक सामने द्यावेत आणि ट्रॅक दुसऱ्या ठिकाणी न्यावा. दोन्ही बाजूंचा आग्रह सुटत नसेल तर मोठ्या एका स्टेडियमऐवजी थोड्या आसनांची दोन मैदाने बांधावीत. बांधताना खर्च जास्त वाटतो, पण बदल करण्याचा वार्षिक खर्च वाचतो.

आराखड्यावर सही होण्यापूर्वी एक कागद मात्र मागून घ्यावा. त्यावर वर्षाचे 52 आठवडे लिहिलेले असावेत, प्रत्येक आठवड्यापुढे कोणता खेळ किंवा कार्यक्रम आहे ते असावे, आणि दोन उपयोगांच्या मध्ये गवताला विश्रांतीचे दिवस किती ते वेगळ्या रंगात दाखवलेले असावे. त्या दिवसांत कोणी मैदान मागितले तर नाही म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, त्याचे पदनाम खाली लिहिलेले असावे. मी आजवर पाहिलेल्या अशा कागदांत पहिले तीन रकाने बहुधा भरलेले असतात. चौथा कोरा असतो. तो भरून घ्या, आणि शक्यतो त्यात मैदान सांभाळणाऱ्या माणसाचेच पद लिहून घ्या.